स्पॅनिशमधला आग्रह

माझ्या बायकोच्या मामांच्या घरून आजवर कोणताही माणूस आपल्या नेहमीच्या चालीने बाहेर पडलेला नाही. येताना तो तरातरा येवो, लगबगीने येवो की लंगडत येवो, जाताना त्याचा एक हात पोटावर आणि दुसरा भिंतीवर असतो. भिवंडीजवळच्या कशेळीत खाडीच्या बाजूला मामांचं घर आहे. त्या गल्लीतून कुणी असा बेताबेताने पावलं टाकत निघालेला दिसला, की आजूबाजूचे लोक त्याला 'कुठून आलात' असं विचारत नाहीत, 'काय होतं आज' असं विचारतात. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस त्यांच्याकडे चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा जेवून मीटर न बघताच निघून गेला आणि पुढच्या रविवारी, सुट्टी असताना, मीटर बघायला परत आला. निवडणुकीत सगळ्या पक्षांचे उमेदवार मामांकडे भल्या सकाळी येऊन जातात, कारण जेवणवेळेला गेलं तर त्या दिवसाचा प्रचार तिथेच आटोपतो, हे त्यांना अनुभवाने कळलेलं आहे.

मी तर जावई, सख्ख्या भाचीचा नवरा. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मी 'बास, बास' म्हणत दोन्ही हात ताटावर आडवे धरले, तर मामांनी तांदळाची भाकरी माझ्या हातांवरच ठेवली. हात काढावे तर भाकरी ताटात पडणार, न काढावे तर वरून रस्सा येणार. शेवटी हात काढले. भाकरीपाठोपाठ रस्साही आला. परतताना रस्त्यावर गोदामांच्या ट्रेलरची रांग लागली होती, रिक्षा जागची हलत नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कशेळीच्या ट्रॅफिकचे मनापासून आभार मानले. त्या अवस्थेत रिक्षा खड्ड्यातून गेली असती तर माझं काही खरं नव्हतं.

'नको' या शब्दाला मामांच्या लेखी काही अर्थच नाही. तो नुसता एक आवाज आहे, ढेकरेसारखा. त्यांचं म्हणणं, पहिला नको लाजेचा, दुसरा रीतीचा, तिसरा कदाचित खरा असेल, पण खरा आहे की नाही हे कळायला आणखी एकदा वाढून बघावं लागतं. आणि वाढताना जे वाक्य म्हणायचं ते ठरलेलं. "काय खाल्लंच न्हाय तुमी." समोरच्याच्या ताटाशेजारी चिंबोऱ्यांच्या नांग्यांचा ढीग पडलेला असतो, कपाळावर घाम असतो, आणि मामा त्या ढिगाकडे बघत अतिशय दुःखी चेहऱ्याने सांगतात, काय खाल्लंच न्हाय. इतकं उघड खोटं इतक्या मायेने बोलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मामा उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे. पूर्वी भातशेती होती, खाडीत जाळं टाकत. आता त्या भातखाचरांवर एक भलं मोठं गोदाम उभं आहे आणि मामांना भाडं येतं. भाड्याबरोबर वेळही येतो, आणि त्या वेळाचं काय करायचं हे गोदामवाल्यांनी सांगितलेलं नाही. मामी गेल्यानंतर तर तो वेळ फारच वाढला. मामी वाढायला मामांसारख्या धसमुसळ्या नव्हत्या. त्या नुसत्या बघायच्या. कुणाचा नको पोटातून आलाय आणि कुणाचा तोंडातून, हे त्यांना बरोबर कळायचं. स्वतः मामासुद्धा मामींपुढे खुशाल 'नको' म्हणायचे आणि गप्प बसायचे, कारण दुसऱ्यांदा विचारणार याची त्यांना खात्री असायची.

त्यांची एकुलती एक लेक मंजू. ती शिकायला स्पेनला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथल्याच मुलाशी तिने लग्न केलं. लग्न कचेरीत सह्या करून झालं. मुलगा दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या धर्माचा, याबद्दल मामा अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी मंजूला फोनवर एवढंच विचारलं, की पंगत किती जणांची होती. पंगत नव्हती, हे कळल्यावर त्यांनी फोन ठेवून दिला. आणि त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. मी भिवंडीत शाळेत इंग्रजी शिकवतो, कामतघरला राहतो, म्हणजे जगातल्या कोणत्याही परदेशी भाषेचं काम मला सांगायला हरकत नाही, असा सासुरवाडीत समज आहे.

"जावईबापू," मामा म्हणाले, "मला स्पॅनिशचं पुस्तक पायजे. पन अ आ ई वालं नको. मानसं घरात कशी बोलतात, कशी रुसतात, चिडवतात, जेवताना काय बोलतात, ते ज्याच्यात हाय तसलं."

पहिलं पुस्तक मी ठाण्याहून आणलं, इंग्रजी-स्पॅनिश, पर्यटकांसाठीचं, खिशात मावणारं. मामा पुस्तक कसं निवडतात ते मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. मासळी घेताना कल्ला उघडून आत लाल आहे की नाही बघावं, तसं त्यांनी पुस्तक मधोमध उघडलं. मला म्हणाले, खाण्याचं पान काढा आणि मराठीतून वाचा. मी वाचू लागलो. दोन माणसांसाठी टेबल आहे का. मेनू आणा. हे तिखट आहे का. बिल आणा. मामांनी पुढचं पान उलटायला सांगितलं. पुढे दवाखाना होता, त्याच्या पुढे पोलीस चौकी.

"या पुस्तकातला मानूस घरी जेवतच न्हाय," मामा म्हणाले. "हाटेलात खातो, मंग दवाखान्यात जातो. बरोबर हाय त्याचं." पुस्तक त्यांनी मिटून बाजूला ठेवलं. आणि मग, कोलंबीच्या खिचडीचा दुसरा डोंगर माझ्या ताटात रचत, त्यांनी खरी गोष्ट सांगितली. मंजू लहानपणापासून नको म्हणणारी. आवडीचं असलं तरी पहिल्यांदा नको म्हणायची आणि मान खाली घालून वाट बघत बसायची, कुणीतरी परत विचारेल म्हणून. आई होती तोवर ठीक होतं. आता ती परक्या घरी, परक्या लोकांत. ती नको म्हणत असेल. ते लोक बरं म्हणत असतील. पोरगी अर्धपोटी उठत असेल.

मी म्हटलं, मामा, तिलाच विचारा की. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझ्या नोकरीची लाज वाटली. जी पोरगी स्वतःच्या घरात भूक लागली म्हणाली नाही, ती फोनवर बापाला सांगणार? म्हणून त्यांनी हा मार्ग काढला होता. ज्या भाषेत आग्रहाची वाक्यं असतील, त्या भाषेतली माणसं आग्रह करत असणार. पुस्तकात ती वाक्यं सापडली की पोरगी जेवते, हे पक्कं.

तिथून आमचे रविवार सुरू झाले. दुसरं पुस्तक मामांच्या फोनवरून मागवलं, स्पॅनिश वाक्प्रचारांचं. ते मामांच्याच खाचरावर उभ्या असलेल्या गोदामात होतं, असं फोन सांगत होता. घरातून त्या गोदामाचं छप्पर दिसतं. मामा चपला घालून फाटकापाशी गेले आणि माझं पुस्तक आत हाय, देऊन टाका म्हणाले. फाटकावरच्या माणसाने सांगितलं की असं देता येत नाही. मग ते पुस्तक गोदामातून निघून ट्रकने कुठेतरी लांब गेलं, तिथून दुसऱ्या ट्रकने परत आलं, आणि काही दिवसांनी मामांच्या दारात पोचलं. ते घेऊन आलेल्या माणसालाही मामांनी जेवायला बसवलं. त्या दिवशी कशेळीतली बाकीची पार्सलं बरीच उशिरा पोचली.

हे पुस्तक मात्र त्यांना आवडलं. एकेक वाक्प्रचार मी मराठीत सांगायचा आणि मामांनी तो माणसाला लावून बघायचा. फार बडबड करणाऱ्याला ते लोक 'कोपरातून बोलतो' म्हणतात, हे सांगितल्यावर मामांनी शेजारच्या घराकडे बघितलं. तिथे त्यांची मोठी बहीण राहते, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या खिडकीतून कुणाशी तरी बोलत होत्या आणि समोर कुणीच दिसत नव्हतं. "हे बरोबर हाय," मामा म्हणाले. मुलाला लग्नाला नकार देणं म्हणजे 'भोपळे देणं', यावर ते खूप वेळ विचार करत बसले. आपण माणसाला घालवायला नारळ देतो, ते भोपळे देतात. नारळ परवडला, निदान खोबरं तरी निघतं, असा त्यांनी निकाल दिला. आणि भरमसाट खर्च करणं म्हणजे 'घर खिडकीतून बाहेर फेकणं', हे ऐकल्यावर त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि त्या न कळणाऱ्या अक्षरांकडे आदराने बघितलं. आमच्याकडच्या हळदीला येऊन गेलेल्या कुणीतरीच हे तिकडे नेलं असणार, याबद्दल त्यांची खात्री झाली. मामा आगरी, आणि आगऱ्यांच्या घरची अख्ख्या गावाला जेवू घालणारी हळद ज्याने पाहिली आहे, तो त्यांच्याशी वाद घालणार नाही.

पण खरा आनंद त्यांना दुसऱ्याच गोष्टीचा झाला. त्या पुस्तकात शेवटी नात्यांचे शब्द होते, आणि त्यांत व्याह्याला शब्द होता. कोन्सुएग्रो. विहिणीला कोन्सुएग्रा. मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवतो, पण इंग्रजीत व्याह्याला धड शब्द नाही, सासऱ्याचा अमुक नि सुनेचा तमुक करत बसावं लागतं, हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. मामा तो शब्द दिवसभर म्हणत होते. ज्यांच्याकडे विहिणीला शब्द आहे, त्यांच्याकडे विहिणीचा मान असणार, रुसवा असणार, आणि मान नि रुसवा आला म्हणजे जेवणाची पंगत असणारच. मामा असा एकेक धागा पकडून पार मंजूच्या ताटापर्यंत पोचले. फक्त आग्रहाचं वाक्य त्याही पुस्तकात नव्हतं.

तिसरं पुस्तक तरुण पोरांच्या भाषेचं निघालं. त्यात मुख्यतः शिव्या होत्या. मी काही पानं गाळून वाचत होतो, ते मामांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला मागे न्यायला लावलं. शिव्या ऐकून त्यांनी मान डोलवली, भाषा जिवंत आहे म्हणाले, पण जेवण नाही. ते पुस्तक त्यांनी मला भेट दिलं. माझ्या शाळेच्या कपाटात ते आजही कुलपात आहे.

मग भिवंडीच्या बाजारपेठेत जुन्या पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या चाचांना गाठलं. चाचांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतलं, मामांची नि त्यांची जुनी दोस्ती, आणि ईदेला ते मामांना ज्या आग्रहाने जेवायला घालतात तो बघता, मामांना तोडीस तोड असा तोच एक माणूस. "मामा, इंग्लिश ले जाव, उर्दू ले जाव," चाचा म्हणाले, "ये स्पॅनिशचं खूळ कुठून काढलंत या वयात?" मामांनी कारण सांगितल्यावर मात्र त्यांनी दुकान अर्धं बंद केलं आणि स्वतः माळ्यावर चढले. तास-दीड तास वरून धूळ आणि शिंका येत होत्या. शेवटी एक जाडजूड पुस्तक घेऊन ते खाली आले. त्या देशातली बोली, रीतिरिवाज, सगळं त्यात होतं. पैसे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. पोरीच्या जेवणाचे पैसे मी घेऊ का, म्हणाले.

त्या पुस्तकात पाहुणचारावर अख्खं प्रकरण होतं. मामा मांडी घालून समोर बसले, चष्मा पुसला, जरी वाचणार मीच होतो तरी. आणि पहिल्याच परिच्छेदात ते वाक्य आलं. पाहुण्याने नको म्हटलं की ते प्रामाणिक समजावं. पुन्हापुन्हा विचारणं तिकडे असभ्य मानतात. मी ते वाचून गेलो आणि मग माझ्या लक्षात आलं की मला ते गाळता आलं असतं. मामांनी ते परत एकदा वाचायला सांगितलं. नंतर म्हणाले, ऱ्हाऊ दे. त्या दिवशी त्यांनी मला एकदाच भात वाढला. मी सरळ चालत घरी गेलो. बायकोने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि घाबरून विचारलं, मामांना बरं नाही का?

त्याच आठवड्यात मंजूचा फोन आला. ती, तिचा नवरा आणि तिच्या सासूबाई कशेळीला येणार होते. व्याह्यांचे गुडघे दुखतात म्हणून ते येणार नव्हते. मामांच्या घरात पुन्हा जीव आला. घराला रंग काढला, चिंबोऱ्या, कोलंबी, जिताडा, कुणाकडून काय घ्यायचं ते ठरलं. मात्र जेवणाच्या आदल्या दिवशी मामांनी माझ्या सासूबाईंना, माझ्या बायकोला आणि मला समोर उभं करून ताकीद दिली. उद्या ताटात एकदा वाढायचं. पाहुणा नको म्हणाला की हात मागे. कुणीही दुसऱ्यांदा विचारायचं नाही. विहीणबाई शिकलेल्या घरच्या आहेत, आपण त्यांच्यापुढे अडाणी ठरायचं नाही. मंजूलाही तोच नियम, आता तिची तिकडची रीत झाली. सासूबाई म्हणाल्या, असं जेवण मी आयुष्यात कुणाला घातलेलं नाही, आणि मग त्या कोपरातून बोलणाऱ्या बाई त्या दिवशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

विहीणबाई ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, ओठांना लाल रंग लावलेल्या. गाडीतून उतरताच त्यांनी मामांचे दोन्ही गाल पाळीपाळीने आपल्या गालाला लावले. मामांनी हे पुस्तकात वाचून घेतलं होतं, म्हणून ते खांबासारखे उभे राहू शकले. मग त्यांनी खणखणीत आवाजात 'कोन्सुएग्रा' म्हणून हाक मारली आणि विहीणबाई टाळ्या वाजवत हसल्या. इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं.

पंगत बसली. मामा, विहीणबाई, मंजू, तिचा नवरा आणि मी. सासूबाई आणि माझी बायको वाढायला. पहिलं वाढण झालं, थोडंसंच, पुस्तकात बसेल असं. विहीणबाईंनी चिंबोरीची नांगी फोडली, रस्सा चाखला आणि डोळे मिटले. ताट बघता बघता स्वच्छ झालं. सासूबाई पातेलं घेऊन पुढे आल्या. विहीणबाईंनी हात आडवा धरला आणि चक्क मराठीत, गोड हसून म्हणाल्या, "नको."

सासूबाईंनी मामांकडे बघितलं. मामांनी मान हलवली. पातेलं मागे गेलं. विहीणबाईंची नजर त्या पातेल्याबरोबर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. नंतर कळलं, की विमानात बसल्या बसल्या मंजूने त्यांना शिकवलं होतं, आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, लगेच हो म्हटलं तर हावरट दिसतं, घाबरू नका, ते परत परत विचारतील, बाबा तर ऐकणारच नाहीत. बाईंनी त्या एका शब्दाची वाटेत घोकंपट्टी केली होती. आता त्या बिचाऱ्या परत विचारायची वाट बघत बसल्या. मामा अडाणी न ठरण्याची पराकाष्ठा करत बसले. कोलंबी आली, नको, गेली. जिताडा आला, नको, गेला. मंजूच्या नवऱ्याला कुणीच काही शिकवलेलं नव्हतं, तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता आणि त्या घरात तो एकटाच पोटभर जेवत होता.

मी मंजूकडे बघितलं आणि माझा घास तोंडातच राहिला. माझ्या बायकोने तिला भाकरी दाखवली तेव्हा तीही सवयीने नको म्हणाली होती. भाकरी परत गेली होती. आता ती मान खाली घालून, बोटाने ताटातल्या रश्श्याशी खेळत बसली होती, मामांनी सांगितलं होतं अगदी तश्शी. लग्नात पंगत घातली नाही म्हणून बाप आपल्यावर अजून रागावलेला आहे, त्यामुळे एकदा विचारून गप्प बसलाय, असं तिला वाटत होतं. जी भीती घेऊन मामांनी गोदामातली, माळ्यावरची पुस्तकं पालथी घातली, ती गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच पंगतीत घडत होती. आणि ते बघत नव्हते, कारण ते आपल्या मांडीवर ठेवलेल्या हातांकडे बघत होते. ते हात वाढायला उठू नयेत म्हणून त्यांनी एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते.

त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या ताटातला भात तसाच होता. कोरडा. आणि ते प्रथम कुणाला दिसलं असेल तर विहीणबाईंना. त्यांनी एकदा भाताकडे बघितलं, एकदा मामांच्या पडलेल्या खांद्यांकडे बघितलं, आणि मंजूने शिकवलेलं सगळं त्या विसरल्या. "नो आस कोमीदो नादा," त्या म्हणाल्या. उठल्या, पंगत ओलांडून आल्या, सासूबाईंच्या हातातून पळी काढून घेतली, आणि मामांच्या भातावर रस्सा ओतला. मामा दचकून 'नको, नको' म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. विहीणबाईंनी भाकरी त्यांच्या हातांवर ठेवली.

मामा त्या भाकरीकडे बघत राहिले. एवढ्या रविवारांत त्यांना तेवढं स्पॅनिश कळायला लागलं होतं. तरी त्यांनी माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "काय बोलल्या?"

मी सांगितलं, "काही खाल्लंच नाही तुम्ही, असं म्हणाल्या."

मामांनी मंजूकडे बघितलं. त्यांचे हात अजून ताटावर, हातांवर भाकरी. "तुला पन अशीच वाढते का गं ही?"

"रोज," मंजू म्हणाली. "मी नको म्हनले तरी. माझे सगले कपडे घट्ट झालेत, बाबा." आणि मग तिचा आवाज जरा फाटला. "पन तू का न्हाय विचारलंस आज?"

मामा भाकरी ताटात ठेवून उठले, मागच्या दारी गेले आणि बराच वेळ हात धुवत राहिले, जेवण व्हायचं असूनसुद्धा. परत आले ते पातेलं घेऊनच आले. त्यानंतर जे झालं ते जेवण नव्हतं, लढाई होती. मामा विहीणबाईंना वाढत होते, विहीणबाई मामांना वाढत होत्या, सासूबाईंना पुन्हा वाचा फुटली होती, मंजूच्या ताटात तिघे जण एकाच वेळी वाढत होते आणि ती प्रत्येकाला नको म्हणत, रडत, हसत जेवत होती. तिचा नवरा, जो आधीच पोटभर जेवला होता, त्याला आता पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मामा त्याला मराठीत आणि स्पॅनिशमध्ये सांगत होते, की त्याने काहीच खाल्लेलं नाही. संध्याकाळी विहीणबाई गाडीकडे निघाल्या तेव्हा त्यांचा एक हात पोटावर होता आणि दुसरा भिंतीवर. समोरच्या ओट्यावरून कुणीतरी विचारलं, काय होतं आज.

पाहुणे गेल्यावर मामांनी ती सगळी पुस्तकं चाचांना नेऊन दिली, शिव्यांचं सोडून. त्या जाड्या पुस्तकातलं ते पान त्यांनी फाडलं नाही. पुस्तक फाडणं त्यांना पसंत नाही. त्यांनी त्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी मराठीत लिहिलं, 'हे खोटं हाय. जाऊन बघा.' चाचांनी ते पुस्तक दुकानात अगदी दर्शनी लावलंय. अजून कुणी घेतलेलं नाही.

मी अजूनही रविवारी कशेळीला जातो. पुस्तकं नाहीत, तरी जातो. दुपारी आम्ही दोघे जेवायला बसतो, तेव्हा मामा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करतात. तिकडे तेव्हा सकाळ असते. पडद्यावर मंजू दिसते, तिच्यामागे विहीणबाई, हातात कॉफीचा कप. मामा आपलं ताट जरा कलतं करून त्यांना दाखवतात. विहीणबाई चष्मा लावून ते ताट नीट बघतात आणि त्यांचं ते वाक्य म्हणतात. मामा म्हणतात, "नको."

आणि मग गप्प बसतात. घास हातात धरून, फोनकडे बघत. मामी गेल्यापासून या घरात दुसऱ्यांदा विचारणारं कुणी उरलं नव्हतं, हे मला, इतकी वर्षं त्यांच्याकडे पोट फुटेस्तोवर जेवूनही, त्या गप्प बसण्यामुळे कळलं. मी विचारायला जातो, तर ते मला हाताने थांबवतात. कधी कधी तिकडचा आवाज जरा उशिराच पोचतो. मामा थांबतात. तेवढ्यात फोनमधून विहीणबाई परत एकदा म्हणतात, या वेळी जरा चढ्या आवाजात, आणि मामा मान हलवून, नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून, टोपलीतली आणखी अर्धी भाकरी आपल्याच हाताने आपल्या ताटात वाढून घेतात.